तुकोबा, वैकुंठ आणि तीन मुठी माती

तुकाराम बीजेला आमच्या मेसला सुट्टी नसते, पण मेसच्या मावशींना असते. त्या देहूच्या बाजूच्या. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेला, पहाटेच देहू गाठतात, दुपारी बारा वाजता नांदुरकीच्या झाडाखालच्या गर्दीत उभ्या राहतात आणि संध्याकाळी आमच्यासाठी प्रसाद घेऊन येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी येऊन सांगितलं की झाड हललं. झालं! त्या रात्री मेसमध्ये जेवणापेक्षा वादच जास्त रंगला. मेकॅनिकलच्या एकीने पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला 11.2 किलोमीटर वेग लागतो हे जर्नलच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं आणि गरुडाला तो झेपणार नाही असा निकाल दिला. दुसरी म्हणाली, वैकुंठ वगैरे काही नाही, सरळसरळ खून झाला. तिसरी ताट तसंच ठेवून उठून गेली. तिच्या घरी माळ आहे.

मी गप्प बसले. माळ तशी माझ्याही घरी आहे. आजोबा लातूरहून वारीला जात. पण त्या रात्री मला एकच गोष्ट खटकली. ज्या माणसावरून आपण एवढ्या तावातावाने भांडतोय, तो माणूस आपल्याला माहीतच नाही! शाळेत चार अभंग होते, तेही पाच मार्कांपुरते. आणि आपण राहतो कुठे, तर त्याच्या गावापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर. म्हणून मग लायब्ररीतून गाथा आणली, डॉ. सदानंद मोरे यांचं 'तुकाराम दर्शन' (झेपलं तेवढं) वाचलं, प्रभातचा सिनेमा पाहिला. या लेखात अभंग मुद्दामच दिलेले नाहीत. ते गाथेत वाचावेत, माझ्या लेखात ते शोभेसाठी लावू नयेत असं वाटलं.

तर तुकोबांचा जन्म देहूचा. सालाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण बहुतेक जण 1608 मानतात. आडनाव आंबिले, कुळ मोऱ्यांचं, जात कुणबी आणि धंदा वाण्याचा. देहूच्या बाजाराची महाजनकी त्यांच्या घरात होती. म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे फाटक्या कपड्यातला, वीणा घेतलेला जो तुकाराम उभा राहतो, तो मुळात खात्यापित्या घरचा, दुकान आणि सावकारी असलेल्या घरातला मुलगा. वडील बोल्होबा, आई कनकाई, मोठे भाऊ सावजी, धाकटे कान्होबा. आठ पिढ्यांपूर्वीच्या विश्वंभरबुवांपासून घरात विठ्ठलाची पूजा आणि पंढरीची वारी.

सावजी विरक्त स्वभावाचे, म्हणून दुकान आलं तुकोबांच्या गळ्यात, तेही अगदी लहान वयात. पहिली बायको रखमाबाई दम्याने आजारी, म्हणून वडिलांनी दुसरं लग्न करून दिलं. ही दुसरी म्हणजे पुण्याच्या गुळवे सावकारांची मुलगी जिजाई, घरातलं नाव आवली. तिच्याविषयी पुढे बोलायचंच आहे, कारण तिच्यावर फार अन्याय झालाय असं माझं मत आहे.

सतराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील गेले. मग वहिनी वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. आणि मग आला तो दुष्काळ. 1630 च्या आसपासचा हा दुष्काळ गुजरातपासून दख्खनपर्यंत पसरला होता. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. वरून पाऊस नाही आणि खाली राज्य नाही, अशी अवस्था. या दुष्काळात रखमाबाई अन्नावाचून गेली. पाठोपाठ त्यांचा छोटा मुलगा संतू गेला. दुकानाचं दिवाळं निघालं, गावात पत गेली. हिशेब केला तर तुकोबांचं वय तेव्हा एकवीस-बावीस. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांएवढं. कॅम्पसमध्ये एक कंपनी हुकली तर आपण दोन दिवस रूमचं दार उघडत नाही.

इथे मला थोडं स्वतःचं सांगावं लागेल. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मी शाळेत होते. आमचं किराणा दुकान आहे. त्या वर्षी दुकानात गिऱ्हाईक यायचं, पण पैसे यायचे नाहीत. यायची ती उधारीच्या वहीतली नवीन ओळ. पप्पा रात्री ती वही उघडायचे आणि नुसते बघत बसायचे. त्यामुळे दुष्काळात वाण्याचं काय होतं हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

दिवाळखोर झालेला हा तरुण घर सोडून गेला तो भामचंद्र डोंगरावर. चाकणला ट्रेनिंगला किंवा नोकरीला असणाऱ्यांनी हा डोंगर रोज पाहिलेला असतो, फक्त नाव माहीत नसतं. शिंदे-वासुलीच्या बाजूला, एमआयडीसीच्या शेड संपतात तिथे तो उभा आहे. वर कोरीव लेणी आहेत. पंधरा दिवस तुकोबा तिथे बसून होते, साप-विंचवांत, असं परंपरा सांगते. तिथे त्यांना जे सापडायचं ते सापडलं. देहूत सगळे शोधत होते. शेवटी धाकटे कान्होबा तिथे पोचले आणि दोघं भाऊ खाली आले.

खाली येऊन पहिली गोष्ट काय केली असेल? देऊळ नाही, कीर्तन नाही. घरातली कर्जखतं बाहेर काढली. लोकांकडे येणं असलेले ते कागद, त्यांचे दोन वाटे केले. कान्होबांचा अर्धा वाटा त्यांना दिला, कारण त्यांचा संसार वेगळा आणि त्यांच्या हक्कावर पाणी सोडायचा अधिकार आपल्याला नाही. स्वतःचा अर्धा वाटा इंद्रायणीत सोडून दिला. दुष्काळात होरपळलेली किती कुळं त्या दिवशी मोकळी झाली असतील! ही गोष्ट मी पप्पांना फोनवर सांगितली. मला वाटलं ते हसतील, नाहीतर डोळे पुसतील. त्यांनी एवढंच विचारलं, भावाचा वाटा नक्की बाजूला काढला होता ना? मी हो म्हटलं. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, मग तो माणूस खरा वाणी होता.

यानंतरचं आयुष्य आपल्याला थोडंफार ठाऊक असतं. पडकं झालेलं विठ्ठलाचं देऊळ त्यांनी दुरुस्त केलं. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि आपलं राहिलेलं अभंगांचं काम पुरं करायला सांगून गेले. दिवसा इंदोरीजवळच्या भंडारा डोंगरावर जाऊन बसायचं, रात्री देवळात कीर्तन. मोबदला घ्यायचा नाही. टाळकरी जमले. त्यात तळेगावचे गंगाजीपंत मवाळ होते आणि चाकणचे संताजी जगनाडे. संताजी जातीने तेली, घरचा धंदा घाण्याचा. ते तुकोबांचे अभंग वहीत उतरवून ठेवत. हे नाव लक्षात ठेवा.

आता मूळ भांडणाकडे, म्हणजे वैकुंठाकडे येऊ.

आपल्याकडे वर जाण्याची ठिकाणं एक नाहीत, बरीच आहेत, आणि आपण ती सगळी एकाच पोत्यात भरतो. स्वर्ग वेगळा. तो इंद्राचा, पुण्य करून मिळवायचा. पण पुण्य संपलं की परत खाली, मृत्युलोकात. थोडक्यात प्रीपेड! मोक्ष वेगळा. तिथे 'मी'च उरत नाही, त्यामुळे परत येण्याचा प्रश्न नाही. आणि वैकुंठ वेगळं, ते विष्णूचं घर. सदेह वर जाण्याच्या कथाही आपल्याकडे जुन्या आहेत. धर्मराज गेला, पण कुत्र्याला सोडून आत यायला तयार होईना. त्रिशंकूला विश्वामित्राने पाठवलं आणि देवांनी खाली ढकललं, म्हणून तो मधेच लटकला (एटीकेटीवाल्यांना वेगळं समजावून सांगायला नको).

वारकऱ्यांनी या सगळ्या व्यवस्थेत एक मोठीच उलथापालथ केली. त्यांनी वैकुंठच खाली आणलं. पंढरपूर म्हणजे भूवैकुंठ. देव वर सिंहासनावर नाही, खाली विटेवर उभा आहे, तोही एका भक्ताला आईवडिलांच्या सेवेतून सवड होईपर्यंत थांबलेला. मग वर जायचं कशाला? तुकोबा तर याच्याही पुढे जातात. गाथा वाचताना मला सगळ्यात धक्का बसला तो इथे. आयुष्यभर विठ्ठलासाठी तळमळणारा हा माणूस मुक्ती नको म्हणतो. देवाकडे मागतो काय, तर पुन्हा जन्म. पुन्हा पोटी यावं, पुन्हा संतांची संगत मिळावी, पुन्हा कीर्तनात उभं राहावं. देवाशी एक होऊन गेलं तर त्याचं नाव घेणार कोण, अशी त्यांची अडचण. वैकुंठात कीर्तन नाही, म्हणून तिथल्यांनाच इकडचा हेवा वाटत असेल असंही ते सुचवतात. स्वर्गाला इतक्या सहज नापास करणारा दुसरा कवी मी तरी वाचलेला नाही.

आणि नेमक्या याच माणसाला आपण विमानात बसवून वर पाठवलं!

ते घडलं 1650 साली, फाल्गुन वद्य द्वितीयेला. शके 1571. तुकोबांचं वय बेचाळीसच्या आसपास. त्याआधी बरंच काही घडून गेलं होतं. शूद्राने मराठीत वेदार्थ सांगावा हे वाघोलीच्या रामेश्वरभटांना मानवलं नाही. त्यावरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. ज्या नदीत त्यांनी आनंदाने कर्जखतं सोडली, त्याच नदीत हे. तुकोबा तेरा दिवस काठच्या शिळेवर अन्नपाण्यावाचून बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या, अशी कथा. ती शिळा देहूच्या देवळात आहे. 2022 मध्ये तिथे नवं शिळा मंदिर झालं. वह्या पाण्यातून कशा वाचल्या यावरही मेसमध्ये वाद होऊ शकतो. पण अभंग लोकांना तोंडपाठ होते आणि संताजींच्या वहीतही होते, हे विसरून चालणार नाही. एका पेन ड्राईव्हवर प्रोजेक्ट ठेवून रडणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं. रामेश्वरभट पुढे तुकोबांचे शिष्य झाले, हे मला त्या वह्यांपेक्षाही मोठं आश्चर्य वाटतं. मंबाजी गोसाव्याने काट्याच्या फांदीने मारलं, ते वेगळंच.

अशा पार्श्वभूमीवर एक माणूस एका दिवशी नाहीसा होतो. अठराव्या शतकात महिपतींनी 'भक्तलीलामृता'त सदेह वैकुंठगमन वर्णन केलं आणि तेच घरोघर पोचलं. विसाव्या शतकात काही लेखकांनी घातपाताचा संशय उघडपणे मांडला. कोणी इंद्रायणीत देह ठेवला म्हणतात. आणि चित्र मात्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच, कॅलेंडरवरचं. गरुडाच्या आकाराचं विमान, त्यात हात जोडलेले तुकोबा, खाली हात उंचावलेले गावकरी. प्रभातच्या 1936 च्या 'संत तुकाराम'मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी तेच चित्र पडद्यावर हलवून दाखवलं. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो सिनेमा गौरवला गेला. आज त्या विमानातली ट्रिक कळते, आणि तरीही तो शेवट बघताना मी जागची हलले नाही.

त्याचं कारण विमान नव्हतं, जिजाई होती. तुकोबा तिला बरोबर चल म्हणतात आणि ती जात नाही. कीर्तनकारही हा प्रसंग रंगवून सांगतात, आणि श्रोते हसतात. बिचारीला वैकुंठाची किंमत कळली नाही म्हणे! मला हसू आलं नाही. घरात लहान मुलं, पोटात पाचव्या महिन्याचं बाळ, चूल पेटलेली. ती कशी जाणार? जिने रोज भाकरी बांधून भंडाऱ्याचा चढ चढायचा, नवरा जेवल्याशिवाय जेवायचं नाही, विठ्ठलाला शिव्या द्यायच्या आणि त्याच्याच भक्ताला जगवायचं, तिला आपण कजाग ठरवून मोकळे झालो. एकदा त्या वाटेवर तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला विठ्ठल स्वतः आला, अशी एक कथा आहे. म्हणजे कथा रचणाऱ्यांनाही तिचं देणं माहीत होतं. तुकोबांनंतर तिच्या पोटी नारायण जन्मला. त्याच नारायणमहाराजांनी 1685 मध्ये देहूहून पालखी सुरू केली, जी दर ज्येष्ठात निघून आपल्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. जिजाई त्या दिवशी विमानात बसली असती तर वारीला ही पालखी कुठून मिळाली असती?

मागे राहिलेल्यांत कान्होबाही होते. गाथेत त्यांचे अभंग आहेत, आणि ते कोणी वाचत नाही. भाऊ वैकुंठाला गेला म्हणून त्यात आनंद वगैरे काही नाही. ते थेट देवाशी भांडायला उभे राहतात. माझा भाऊ नेलास, तो परत दे, त्याच्या लेकराबाळांचं आता कोण बघणार, अशी त्यांची तक्रार. भामचंद्रावरून एकदा भावाला शोधून आणलं होतं. या वेळी आणता येईना. वैकुंठ खरं की खोटं हा प्रश्न मला त्या अभंगांपुढे फार छोटा वाटायला लागला. काहीही झालं असलं, तरी घरात एक माणूस कमी झालं होतं.

थर्ड इयरच्या सुट्टीत चाकणला महिनाभर ट्रेनिंग होतं. बस तळेगाव-चाकण रस्त्याने जायची. इंदोरी गेलं की डावी-उजवीकडे मान वळवून भंडारा शोधायचा, हा माझा खेळ. चाकणला पोचल्यावर शॉपफ्लोअरच्या मागच्या गेटमधून स्वच्छ दिवशी भामचंद्र दिसायचा. या डोंगराच्या पायथ्याशी 2008 मध्ये एका अमेरिकन रसायन कंपनीचं संशोधन केंद्र येणार होतं. वारकरी आणि गावकरी विरोधात उतरले, आंदोलन पेटलं आणि 2010 मध्ये ते काम तिथून रद्द झालं. माझी नोकरी उद्या याच पट्ट्यात लागणार, लागावी अशी इच्छाही आहे, त्यामुळे कारखाने नकोत असं मी म्हणणार नाही. पण तुकोबांना जे सापडलं ते वर ढगात सापडलेलं नाही, याच दगडात बसून सापडलं. आणि ज्या इंद्रायणीने वह्या परत दिल्या, तिच्यावर आळंदीजवळ पांढरा फेस तरंगताना अलीकडे पुन्हा पुन्हा दिसला आहे. नदीला देव म्हणायचं आणि तिच्यात नळी सोडायची, हे आपल्याला एकाच दिवशी जमतं.

त्याच रस्त्यावर सुदुंबरे लागतं. ट्रेनिंगच्या शेवटच्या रविवारी मी मुद्दाम तिथे उतरले. संताजी जगनाड्यांची समाधी तिथे आहे. देऊळ शांत होतं, दोन म्हातारे पायरीवर बसले होते, बाजूने कंटेनरचा आवाज येत होता. तिथली कथा अशी. संताजी आणि तुकोबा यांच्यात वचन झालं होतं: मागे जो राहील त्याने पुढे गेलेल्याला माती द्यायची. तुकोबा तर आधी गेले, तेही असे की माती द्यायला देहच उरला नाही. वचन अडकून राहिलं. पुढे बऱ्याच वर्षांनी संताजींनी देह ठेवला. लोकांनी खड्डा केला, माती लोटायला सुरुवात केली. सगळं अंग झाकलं, पण तोंड काही झाकेना. कितीही माती टाका, चेहरा उघडाच. माणसं थकली. तेव्हा तुकोबा वैकुंठाहून खाली आले, तीन मुठी माती टाकली आणि चेहरा झाकला गेला. मग ते परत गेले.

इतिहासाच्या कसोटीवर ही गोष्ट टिकणार नाही, हे मला कळतं. पण साडेतीनशे वर्षं तेल्याच्या, कुणब्याच्या, वाण्याच्या घरात ही गोष्ट सांगितली गेली, आणि त्यांनी तुकोबांना वैकुंठातून खाली आणलं ते कशासाठी, तर चाकणच्या एका मित्राला माती द्यायला.

ट्रेनिंगहून परत आल्यावर हे मी मेसमध्ये सांगितलं. मावशी पोळ्या लाटायच्या थांबल्या होत्या. मेकॅनिकलवालीने या वेळी वेगाचा प्रश्न काढला नाही. सुदुंबऱ्याला जायला बस कुठून मिळते, एवढंच विचारलं.